वरुडच्या संत्रा कंपनीची दुबईत उपकंपनी काढायची आहे, पैसा कोणत्या वाटेने न्यायचा?

मोर्शीरोड

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची तिघा भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. काम संत्र्याचे ग्रेडिंग, मेणाचा थर आणि पॅकिंगचे. भरणा झालेले भांडवल ४० लाख, मागच्या ताळेबंदात साठलेला नफा २२ लाख, मागच्या दोन वर्षांची उलाढाल ५ आणि ६ कोटी. माल आतापर्यंत बहुतेक बांगलादेशच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. तिकडचे आयात शुल्क वाढत गेले तसा तो धंदा भरवशाचा राहिला नाही. म्हणून दुबईत स्वतःची कंपनी काढून तिथल्या बाजारात माल द्यायचा विचार आहे. सुरुवातीला ५० लाखांपर्यंत घालायची तयारी आहे.

अडचण अशी की आतेभाऊ शारजात नोकरीला आहे. तो म्हणतो, लायसन्सचे पैसे मी माझ्या खात्यातून भरून टाकतो, हिशोब मागाहून पाहू. तिथला एजंट म्हणतो, आतेभावाच्याच नावाने सोल एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एकट्या मालकाची पेढी, काढा, स्वस्त पडते. आमच्या तालुक्याच्या शाखेत विचारले तर हे काम इथे होत नाही एवढेच सांगितले. कंपनी कोणाच्या नावाने काढावी, पैसा कसा पाठवावा आणि पहिले पाऊल कोणते, हे जाणकारांनी सांगावे.

खातेवही_अमरावती

दादा, आतेभावाला आजच फोन करून थांबवा. बाकी सगळे दुरुस्त करता येते, ही चूक दुरुस्त करायला सगळ्यात महाग पडते.

भारतातल्या कंपनीने परदेशातल्या कंपनीत भांडवल घालणे म्हणजे परदेशी थेट गुंतवणूक. तिला ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागतात. त्यात एक अट कडक आहे. परदेशी पैसा निघण्याआधी किंवा तिथले शेअर तुमच्या नावावर होण्याआधी, यांतले जे आधी घडेल त्याच्या आत, रिझर्व्ह बँकेचा युआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, हातात पाहिजे. आतेभावाने पैसे भरले आणि शेअर तुमच्या कंपनीच्या नावे निघाले तर ते शेअर युआयएनशिवाय घेतले असे होते. शेअर त्याच्या नावे ठेवून पैसा मागाहून तुम्ही दिला तर तो पैसा कशाचा, हे बँकेला सांगता येत नाही. नुसता फॉर्म किंवा विवरण उशिरा गेले तर विलंब शुल्क भरून सुटता येते. पण अशा व्यवहाराला कंपाउंडिंग, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवणे, करावे लागते, आणि फेमात दंडाची मर्यादा गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट आहे.

सोल एस्टॅब्लिशमेंटही चालत नाही. ज्या संस्थेत पैसा घालायचा तिची जबाबदारी मर्यादित असली पाहिजे, असे हेच नियम सांगतात. सोल एस्टॅब्लिशमेंटमध्ये मालकाची जबाबदारी अमर्याद असते. तेव्हा मेनलँडची, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरच्या मुख्य दुबईतली, एलएलसी किंवा फ्री झोनची एफझेडसीओ, एफझेडई यांतलीच एक निवडा. या तिन्ही मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या आहेत.

किती पैसा घालता येतो? कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या, म्हणजे नेट वर्थच्या, ४०० टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. तुमचे ४० अधिक २२ म्हणजे ६२ लाख, त्याची चौपट २ कोटी ४८ लाख. ५० लाख त्यात आरामात बसतात. मात्र यासाठीचा लेखापरीक्षित ताळेबंद व्यवहाराच्या तारखेपासून मागच्या १८ महिन्यांतला हवा. जमिनीचे भाव वाढवून दाखवलेला रिझर्व्ह यात धरत नाहीत. भावांच्या नावावरची बाग तर मुळीच नाही, कारण ती कंपनीची नाही. पुढे दुबईच्या कंपनीसाठी इथून कॉर्पोरेट गॅरंटी दिली तर तीही या मर्यादेत मोजली जाते, हे खूप जण विसरतात.

तालुक्याच्या शाखेने बरोबर सांगितले. हे काम फक्त पहिल्या श्रेणीच्या अधिकृत परकीय चलन बँका, ज्यांना आपण एडी बँक म्हणतो, त्याच करतात, आणि त्यांच्याही ठराविक शाखा. जिल्हा सहकारी बँकेत होत नाही. तुमच्या बँकेची अमरावती किंवा नागपूरची परकीय चलन शाखा गाठा. एका परदेशी कंपनीसाठी एकच एडी बँक ठरवावी लागते, म्हणून ज्या शाखेत हा विषय समजणारा माणूस आहे तीच धरा. व्याजदर आणि चार्जेस नंतर बघता येतील.

बँकेला द्यायचे कागद: संचालक मंडळाचा ठराव, एफसी फॉर्म (परदेशी गुंतवणुकीची माहिती देण्याचा फॉर्म), तुमच्या वैधानिक लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र, पॅन, दुबईत नाव राखून ठेवल्याचा किंवा प्राथमिक मंजुरीचा कागद, आणि दोन-तीन पानांत धंद्याचा आराखडा. एफसी फॉर्ममधली चूक सहसा एकाच जागी होते. परदेशी कंपनीचे नाव आणि भांडवलाचा आकडा लायसन्सच्या अर्जाशी जुळत नाही. नाव अक्षरशः तेच, भांडवल दिरहॅममध्ये तेवढेच. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून डॉलरचा आकडा काढताना गोंधळ व्हायचे कारण नाही.

आणि एक. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यातून हे पैसे उचलू नका. ती मर्यादा बँकेने माल घ्यायला दिलेली आहे. तिच्यातून भांडवल बाहेर गेले तर मंजुरीच्या अटी मोडतात आणि ताळेबंदात ते लगेच दिसते.

गराडेवाला_काटोल

खातेवही भाऊनं कागदाचं सांगितलं, मी फळाचं सांगतो. कंपनी काढाच्या आधी हे पाहा.

दुबईचं लायसन्स, जागेचं भाडं, व्हिसा, ऑडिट हे सारं बारा महिने चालते. आपला आंबिया बहार येते ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग येते फेब्रुवारी-मार्चमधी. म्हंजे माल चार-पाच महिन्याचा अन् खर्च वर्षाचा. त्यातबी डिसेंबर लागला का त्या बाजारात पाकिस्तानचा किन्नो अन् इजिप्तचं संत्रं उतरते. आपल्या मृगाले त्याच्याशी टक्कर घ्या लागते. आंबियाले तेवढी नाई. बाकीच्या महिन्यात काय विकनार, कांदा का डाळिंब का मिरची, हे ठरलं नसन तं कंपनी काढू नका.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. किन्नोसारखी ते चिकटून नाई राहत, म्हनून दाबानं लौकर खराब होते. रीफर, म्हंजे थंड कंटेनर, ६ ते ७ अंशावर ठेवा, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. कोनी म्हनते ४ अंश ठेवलं तं जास्त टिकन, पन थंडीनं सालीवर डाग पडते अन् बाजारात माल उतरल्यावर दिसते. ४० फुटी रीफरमधी २० टनाच्या वर माल जाते, म्हनून पहिला कंटेनर चुकला तं नुकसान छोटं नसते. न्हावाशेवा ते दुबईचं जेबेल अली बंदर जहाज चार-पाच दिवसात जाते, पन बागेतून तोडनी, नागपूरले मिहानचा कंटेनर डेपो, तिथून रेल्वे, कस्टम, हे सारं धरून दिवस मोजा.

पहिले दोन-तीन कंटेनर तिथल्याच आयातदाराले ठरलेल्या भावात द्या. अल अवीरच्या भाजी-फळ बाजारात कमिशनवर बी माल जाते. पन मंग विक्रीची पावती तेच देतेत, अन् तुमच्या मालातलं खराब किती निघालं हेबी तेच सांगतेत. तिथं आपला मानूस उभा पायजे, आतेभाऊ सुट्टीच्या दिवशी गेला तरी चालते. या दोन-तीन कंटेनरचा हिशोब हाती आला का कंपनी लागते का नाई ते आपोआप समजते.

जेबेलअली_वाट

दुबईकडच्या बाजूचे लिहितो.

पहिला प्रश्न मेनलँड की फ्री झोन. एजंट फ्री झोन विकतात, कारण पॅकेज ठरलेले असते आणि दोन-तीन आठवड्यांत लायसन्स हाती देता येते. पण नुसत्या फ्री झोनच्या लायसन्सवर अल अवीरच्या बाजारात थेट विक्री करता येत नाही. मध्ये मेनलँडचा वितरक घालावा लागतो, नाहीतर वेगळा परवाना घ्यावा लागतो. माल दुबईतून पुढे ओमान, कतार असा पाठवायचा असेल तर फ्री झोन ठीक. तिथल्याच बाजारात विकायचा असेल तर मेनलँड एलएलसी. १ जून २०२१ पासून मेनलँडला बहुतेक धंद्यांत १०० टक्के परदेशी मालकी चालते, स्थानिक भागीदाराला ५१ टक्के द्यायची जुनी अट गेली. अजूनही कोणी 'लोकल स्पॉन्सर लागतोच' म्हणत असेल तर त्याला नियम दाखवायला सांगा.

लायसन्सवरचा व्यवसाय नेमका लिहून घ्या: फळे आणि भाजीपाल्याचा व्यापार. 'जनरल ट्रेडिंग' महाग पडते आणि बँकेचे प्रश्न वाढवते. त्यानंतर दुबई कस्टम्सचा आयातदार कोड आणि अन्न आयातीसाठी दुबई म्युनिसिपालिटीकडे नोंदणी. प्रत्येक खेपेबरोबर भारतातले फायटोसॅनिटरी, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचे, प्रमाणपत्र जाईलच.

वरुडहून जाणारे कागद, म्हणजे ठराव, मुखत्यारपत्र, कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि घटनापत्र, तिथे चालण्यासाठी साक्षांकित करावे लागतात. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. अपोस्टीलचा, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा, शिक्का मारून पाठवतात आणि कागद परत येतात, कारण युएई अपोस्टील करारात नाही. नोटरी, मग राज्य पातळीवर किंवा चेंबर ऑफ कॉमर्सचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास, आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशी साखळी आहे. वरून अरबी भाषांतर. याला तीन-चार आठवडे धरा. ठरावात सही करणाऱ्याचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये असते आणि पॅनवर नसते, तेवढ्यावरूनही कागद परत येतो.

लायसन्सपेक्षा जास्त वेळ बँक खात्याला लागतो. त्यांना पाहिजे असते एमिरेट्स आयडी असलेला सही करणारा माणूस, भारतातल्या कंपनीचे सहा महिन्यांचे बँक विवरण, जुन्या निर्यातीची बिले, आणि ठरलेल्या ग्राहकाचे पत्र किंवा करार. गराडेवाला भाऊंनी सांगितलेले दोन-तीन कंटेनर आधी गेले असतील तर ही बिले तुमच्याकडे तयार असतात, हा त्यांच्या सल्ल्याचा दुसरा फायदा. बऱ्याच बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते, ती रक्कम ५० लाखांतून आधीच बाजूला काढा. भावांपैकी कोणी गुंतवणूकदार व्हिसा घेतला तर सहा महिन्यांपेक्षा जास्त सलग बाहेर राहू नका, व्हिसा रद्द होतो. हंगाम संपल्यावर माणूस गावीच राहतो आणि परत जाताना विमानतळावर कळते.

कर: जून २०२३ पासून तिथे कॉर्पोरेट टॅक्स आहे. ३,७५,००० दिरहॅमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, वर ९ टक्के. नफा नसला तरी नोंदणी करावी लागते. नवीन कंपनीला स्थापनेपासून तीन महिने मिळतात, मुदत चुकली तर १०,००० दिरहॅम दंड. व्हॅट ५ टक्के, वार्षिक करपात्र पुरवठा ३,७५,००० दिरहॅमवर गेला की नोंदणी सक्तीची. थोड्याच कंटेनरमध्ये तो आकडा गाठला जाईल, म्हणून नोंदणीची तयारी सुरुवातीलाच ठेवा.

मोर्शीरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आतेभावाला थांबवले आहे. आणखी दोन शंका. कंपनीऐवजी आम्ही तिघांनी वैयक्तिक पैसे घातले तर कागद कमी होतील का? आणि आतेभावाला १० टक्के हिस्सा द्यायचा आहे, त्याने काही बदलते का?

खातेवही_अमरावती

वैयक्तिक वाट आहे, एलआरएसची, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसा पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची. माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, त्यात तुमची रक्कम सहज बसते. पण कागद कमी होत नाहीत. एफसी फॉर्म, युआयएन आणि वार्षिक अहवाल व्यक्तीलाही आहेतच. वर बँक वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेते. तिघांनी प्रत्येकी १७ लाख पाठवले तर ७ लाखांवर १ लाख ४० हजार, तिघांचे मिळून ४ लाख २० हजार अडकतात. ते आयकरात वळते होतात, पण ऐन हंगामात तेवढी रोकड हातची जाते. कंपनीने केलेल्या गुंतवणुकीला हा टीसीएस नाही, कारण ती एलआरएसमध्ये येत नाही.

व्यक्तीवर एक बंधनही आहे. दुबईच्या कंपनीवर तुमचा ताबा असेल तर तिच्या खाली आणखी उपकंपनी काढता येत नाही. पुढे सौदी किंवा ओमानमध्ये जायचे मनात असेल तर वाट तिथेच बंद. शिवाय प्रत्येकाला आपल्या आयकर विवरणात परदेशी मालमत्तेची अनुसूची दर वर्षी भरावी लागते, शेअरवर एक रुपया मिळाला नसला तरी. तुमची पॅकिंगची कंपनी असताना वैयक्तिक वाट धरू नका, असेच माझे मत.

आणखी एक वाट आहे जिचा कोणी विचार करत नाही. कंपनी न काढता शाखा किंवा प्रतिनिधी कार्यालय. सुरुवातीच्या खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा नेट वर्थच्या २५ टक्के, यांतले जे जास्त ते पाठवता येते. तुमची सरासरी साडेपाच कोटी, म्हणजे ८२ लाख ५० हजार. पुढचा चालू खर्च सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५५ लाख. हिला युआयएन लागत नाही. तोटा असा की शाखेचे देणे थेट वरुडच्या कंपनीवर येते. नाशवंत मालात उधारी आणि वाद दोन्ही असतात, म्हणून पहिले एक वर्ष बाजार बघण्यापुरतीच ही वाट चांगली.

ठराववही

दादा, आतेभावाच्या १० टक्क्यांनी बदलते, ते सांगते.

फेमाच्या ४०० टक्क्यांशिवाय कंपनी कायद्यातही दुसऱ्या कंपनीत पैसा घालायला वेगळी मर्यादा आहे. भरणा भांडवल, मुक्त राखीव निधी (तुमचा साठलेला नफा) आणि सिक्युरिटीज प्रीमियम (शेअरच्या दर्शनी किमतीच्या वर मिळालेला पैसा) यांच्या बेरजेच्या ६० टक्के, किंवा मुक्त राखीव आणि प्रीमियमच्या १०० टक्के, यांतले जे मोठे ते. तुमचे ६२ लाखांचे ६० टक्के म्हणजे ३७ लाख २० हजार, आणि राखीव २२ लाख. मोठा आकडा ३७ लाख २० हजार. ५० लाख त्याच्या वर जातात. दुबईची कंपनी १०० टक्के तुमची असेल तर विशेष ठरावातून सूट आहे. आतेभावाला १० टक्के दिले की ती सूट जाते. मग सर्वसाधारण सभेत विशेष ठराव आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ फॉर्म. तिघे भाऊच भागधारक आहेत, तेव्हा ठराव अवघड नाही, पण तो पैसा जाण्याआधीच्या तारखेचा पाहिजे. संचालक मंडळाची संमती दोन्ही प्रकारांत सर्व हजर संचालकांची लागते. आतेभावाने आपल्या १० टक्क्यांचे पैसे स्वतःच्या कमाईतून आणि स्वतःच्या खात्यातूनच भरावेत, आणि नोकरीच्या व्हिसावर असल्याने मालकाचे ना-हरकत पत्र आधी घ्यावे.

दुसरी गोष्ट सहसा लेखापरीक्षणाच्या वेळी कळते. तुमची आजची कंपनी बहुधा 'स्मॉल कंपनी' आहे. उपकंपनी काढली की ती होल्डिंग कंपनी होते, आणि होल्डिंग कंपनीला स्मॉल कंपनीचा दर्जा राहत नाही, उलाढाल कितीही लहान असो. मग वर्षाला दोनऐवजी चार मंडळ बैठका, रोख प्रवाहाचे विवरण, एकत्रित ताळेबंद आणि शेअर डीमॅट करणे मागे लागते. हा खर्च पहिल्या वर्षापासून धरा.

मालाच्या भावाबद्दलही बोलायला हवे. वरुडची कंपनी दुबईच्या स्वतःच्या कंपनीला माल विकेल तो बाजारभावानेच, आणि तो भाव कसा ठरवला याचा ट्रान्सफर प्राइसिंग अहवाल सीएकडून दर वर्षी. परदेशातल्या स्वतःच्या कंपनीशी व्यवहार असेल तर त्याला किमान रकमेची सूट नाही. प्रत्येक खेपेच्या दिवशीचे अल अवीरचे आणि नागपूरच्या कळमना बाजाराचे भाव फाइलला लावून ठेवा. वर्षाच्या शेवटी ते शोधणे कठीण जाते.

बहार_चांदूरबाजार

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड नाही. आम्हालाही असेच करता येईल का?

ठराववही

उत्पादक कंपनीही कंपनी कायद्याखालचीच, म्हणून फेमाची वाट तीच. पण उत्पादक कंपनीला उत्पादक नसलेल्या कंपनीत भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या ३० टक्क्यांपर्यंतच पैसा घालता येतो. त्याच्या वर जायचे तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची पूर्वपरवानगी. बहुतेक उत्पादक कंपन्यांचे भांडवल १०-१५ लाखांच्या आसपास असते, त्याचे ३० टक्के म्हणजे दुबईचे लायसन्सही नीट निघत नाही. तुम्ही थेट निर्यातीवरच थांबा. एपीडाची (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) नोंदणी आणि आयातदार-निर्यातदार कोड एवढ्यावर माल जातो.

खातेवही_अमरावती

मोर्शीरोड दादा, पैसा गेल्यानंतरच्या तारखा राहिल्या, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैसा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत शेअर प्रमाणपत्र एडी बँकेत जमा. दर वर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफएलए, म्हणजे परदेशी देणे आणि मालमत्तेचे, विवरण, हे कंपनीने स्वतः भरायचे असते, बँक आठवण करत नाही. आणि ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, एपीआर, एडी बँकेमार्फत. दुबईचा एजंट सांगेल की आमच्या झोनमध्ये ऑडिट सक्तीचे नाही. तुम्हाला ते सक्तीचेच आहे, कारण ताबा तुमच्याकडे असताना एपीआर लेखापरीक्षित हिशोबावरच भरावा लागतो. म्हणून तिथला लेखापरीक्षक लायसन्सबरोबरच ठरवा. एपीआर चुकला तर विलंब शुल्क ७,५०० रुपयेच आहे. खरा त्रास दुसरा. तो थकीत असेपर्यंत बँक दुबईला आणखी एक रुपयाही भांडवल किंवा कर्ज पाठवू देत नाही, आणि तो अडथळा नेमका आंबिया बहाराचे कंटेनर भरताना येतो.

दुबईच्या कंपनीकडून लाभांश किंवा दुसरे काही येणे झाले की ९० दिवसांत भारतात आणा. आणि धंदा जमला नाही तर लायसन्सचे नूतनीकरण न करता तसेच सोडून देऊ नका. दंड चढत राहतो, आणि कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी रद्द करायचा अर्ज धंदा थांबल्यापासून तीन महिन्यांत द्यावा लागतो. रीतसर लिक्विडेशन करा, म्हणजे देणी फेडून कंपनी बंद करा. इकडे उरलेला पैसा परत आल्यापासून ३० दिवसांत एडी बँकेला निर्गुंतवणुकीचा फॉर्म द्या, म्हणजे तो युआयएन बंद होतो.